डबल बासच्या पोटातला माइक

"पोरगा तीन वर्षांपासून वाजवते म्हणता, मले तं एकही सूर ऐकू आला नाही," रविताच्या बापाने, नत्थूलालने, मध्यस्थाला बजावले होते. "चिचगडच्या मंडईत येतो. ऐकू आला तं सोयरिक, नाही तं राम राम."

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, दंडारीच्या नाचगाण्याच्या साथीने सोयरिकीही जुळतात, त्यामुळे अटीत वावगे काही नव्हते. वावगे होते ते वाद्य. दंडारीत वाजवणाऱ्या लोकेंद्रचा डबल बास माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुंभकर्णी थोरल्या भावासारखा. आणि त्याचा स्वर इतका खोल, की ढोलकीच्या पहिल्याच थापेसरशी तो तळ्यात टाकलेल्या दगडासारखा नाहीसा होई. लोकेंद्रला रविता हवी होती, रविताला लोकेंद्र. मधे प्रश्न उरला होता तो फक्त माइकचा.

कुडव्याहून स्पीकर घेऊन आलेल्या धर्मेंद्रने वाद्याभोवती एक सावकाश प्रदक्षिणा घातली. "भैया, हा बाजा आहे का आलमारी?"

"हसू नको. चिकटवाचा माइक आणला मी, गिटारवाला." लोकेंद्रने खिशातून नाण्याएवढी चकती काढली.

पण भावी सासऱ्याच्या नजरेत चकाकी भरावी म्हणून त्याने आदल्या दिवशी वाद्याला जवसाचे तेल चोळले होते. चकती त्यावरून आसवासारखी ओघळली. मग समोर स्टँडचा माइक उभा केला, तर स्पीकरमधून असा हंबरडा फुटला की चाऱ्यात रमलेल्या बैलांनी माना वर केल्या.

"निवेदकाचा कॉलरचा माइक घेऊ. बिना वायरचा," धर्मेंद्र म्हणाला.

भांडी घासायच्या नव्या स्पंजात तो गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वाद्याच्या छातीवरच्या नागमोडी फटीत त्यांनी सोडला. तेलकट बोटांची गाठ ती, सुटली. आत कुठेतरी हलकेच टप्प झाले.

"आता काढाचा कसा?"

"काढाचा कायले? आवाज तं अंदरच बनते न."

हा तर्क लोकेंद्रला पटला. हंबरडा मात्र पुन्हा उठला. तेव्हा धर्मेंद्रने मशीनवरचे जाड, खोल आवाजाचे बटण पार शून्यावर आणले. "घे, गुरगुर बंद. आता एकदम साफ." त्या शून्यात काय काय साफ झाले, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

दंडार सुरू झाली. वाजवताना वाद्याशी पुटपुटण्याची लोकेंद्रला सवय होती. स्पीकरची तोंडे प्रेक्षकांकडे. त्याच्या कानांत केवळ बिसरामची ढोलकी. मैदानात मात्र, झाडांच्या शेंड्यांपर्यंत, एक कातर कुजबुज पसरत गेली.

"एक, दोन, तीन... हळू चाल राणी. समोर मिशीवाला बसून राहिला. त्याच्याकडं पाहू नको, ताल चुकते. आज तू ऐकू नाही आली तं रविता गेली समज. मंग तुह्यासंगच संसार करू का?"

मैदानातल्या माना मंचाकडे वळल्या. बिसरामची ढोलकी मात्र दणदणत राहिली.

"रविता म्हणते, बाप वाघ नाही, फक्त तसा दिसते. पण आपण काऊन खात्री करून पाहाची?"

हशा उसळला. लोकेंद्रला वाटले, अखेर दाद मिळाली; तो नम्रपणे वाकला. वर पाहतो तो ढोलकी थांबली होती आणि नत्थूलाल मंचाच्या पायऱ्या चढत होता.

"आला, आला," लोकेंद्र पुटपुटला, आणि तेच शब्द दूरच्या चहाच्या टपरीवरून प्रतिध्वनी होऊन परतले. तेव्हा कुठे त्याला सारे उमगले. पळावे, तर खांद्यावर आलमारी.

नत्थूलालने वाद्याला खालून वर न्याहाळले, मग वाकून त्या नागमोडी फटीला मिशी टेकवली.

"नमस्कार. मी रविताचा बाप. पोरगा मले भेते, हे चांगलं आहे. मनातलं लपवत नाही, हे आणखी चांगलं. ऐकू आला. सोयरिक पक्की."

बायकांच्या रांगेत रविताने पदरात तोंड लपवले. खांदे मात्र हसताना दिसत होतेच.

खाली उतरून नत्थूलाल धर्मेंद्रजवळ थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "बापा, एक विचारू? त्या बाजाचा सूर कसा असते?"

"काय माहीत काका," धर्मेंद्र वायर गुंडाळत म्हणाला. "तोच जाड आवाज मी झिरोवर ठेवला होता."