नझीरचाचांची खिडकी

नझीरचाचांनी बनवलेला प्रोग्राम उघडणं सोपं, बंद करणं कर्मकठीण. कोपऱ्यातली फुली दाबली की तो विचारतो, "निघालात? सगळं आवरलं?" खाली दोन बटणं, 'येतो' आणि 'थांबतो'. निघताना 'जातो' म्हणू नये हे संगणकालाही कळायला हवं, असं चाचांचं म्हणणं.

चाचा रेवसचे. मस्कतला एका गोदामात संगणकावर हयात घालवली, आता तिथे मुलगा आहे. थळजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मी कारकून. कुठल्या होडीने किती बर्फ उचलला, ते आम्ही चाचांच्या प्रोग्राममध्ये भरतो. मोबदला म्हणून ते फक्त चहा घेतात आणि वर आम्हालाच प्रवचन देतात. "खिडकी मिटायच्या आधी संगणक प्रोग्रामला इशारा देतो रे. प्रोग्राम लिहिणारे लोक तो पकडतच न्हाईत. जेवून दस्तरखानावरून उठताना पण माणूस बाकीच्यांकडे बघतो का न्हाय?"

हा शिष्टाचार एकदा अंगाशी आला. प्रश्नाची चौकट हीसुद्धा खिडकीच, म्हणून चाचांनी तिलाही तोच नियम लावून ठेवला. आमच्या मालकांनी, सुरेशशेठनी, घाईत फुली दाबली. प्रश्न आला. त्यांनी प्रश्नाचीच फुली दाबली, तर त्यावर आणखी एक प्रश्न. शेठही हट्टाला पेटले. पडदाभर 'निघालात?' झाल्यावर त्यांनी सरळ वायर उपटली आणि सकाळच्या सगळ्या नोंदी गेल्या.

"चाचाला सांग, तो प्रश्न काढ," शेठ म्हणाले. "न्हायतर पनवेलहून तयार प्रोग्राम आणतो."

ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. चाचांचं आमच्याकडे येणं त्या प्रोग्रामपायीच होतं आणि ते थांबू नये असं मला मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. संगणकाच्या पडद्यावर मुलगा इम्रान होता. चाची त्याला बोंबलाच्या कालवणाचं सांगत होत्या. "अम्मी, ड्यूटीला निघतो," तो म्हणाला. चाचींचं चालूच. इम्रान गप्प बसून ऐकत होता. पोरगा भलताच समजूतदार निघाला, असं मनात येतंय तोच जाणवलं की त्याची पापणीसुद्धा हलत नाही. तो केव्हाच गेला होता.

"ही खिडकी पण मीच लिहिलीय," चाचा हळूच म्हणाले. "त्यानं तिकडून बंद केलं तरी मिटत न्हाय. त्याचा चेहरा तसाच धरून ठेवते. हिला कमी ऐकू येतं, नजर पण अधू. पूर्वी मधेच पडद्यावर काळोख व्हायचा, मग ही दिवसभर गप."

"मग बंद कधी होते?"

"हिचं बोलून झालं, की मी करतो."

मी कसाबसा शेठचा निरोप सांगितला.

"काढतो रे," ते हसून म्हणाले. "कारखान्यात कोण कुणाशी एवढं बोलतंय?"

तेवढ्यात चाचींचं झालं. पडद्यावरच्या गालावरून त्यांनी हात फिरवला, "खुदा हाफिज, बाबा" म्हणाल्या. चाचांनी जरा वेळ जाऊ दिला आणि कळ दाबली.

चाची माझ्याकडे वळल्या. "बघितलंस? माझा इम्रान कसा सगळं ऐकून घेतो. ह्याच्या बापाला हाय का एवढा सबर?"