कार्यालयाचे यकृत

कार्यालयात परिपत्रक आले. प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे. ज्याच्या यकृतावर दारूचा परिणाम आढळेल, त्याची बढती रोखण्यात येईल. वाचताना साहेबांचा हात थरथरत होता. पण तो रोजच अकरापर्यंत थरथरे, म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे कोरडेबुवा म्हणत. चोवीस जणांत न पिणारा तो एकटाच. बढतीसाठी नऊ वर्षे थांबलेला.

सगळ्यांचे रक्त काढून झाल्यावर साहेबांनी त्याला आत बोलावले.

"बुवा, बाही वर करा."

"माझं रक्त आत्ताच दिलं, साहेब."

"त्या नळीवर आता माझं नाव लावलंय. बाकीच्यांचं काय करायचं?"

साहेबांची सोय झाली आणि हेडक्लार्कची नाही, हे शिस्तीला धरून नव्हते. सेवाज्येष्ठतेनुसार एकेक नळी भरत गेली. शिपायाची नळी भरताना बुवाने भिंत धरली. त्याच्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी तेवढी उरली.

"आता थेंबही काढणार नाही," रक्त काढणारा म्हणाला. "माणूस आडवा होईल."

"माझी पहिली नळी पडूनच आहे," साहेब उदारपणे म्हणाले. "तीच बुवांच्या नावे पाठवा. फिट्टंफाट."

घरी बायको कडाडली, "पितात ते, आणि रिकामे होताय तुम्ही! नाही म्हणायला तोंड नव्हतं?"

"बढती आहे गं," बुवा पुटपुटला.

अहवाल आले. तेवीस यकृते तंतोतंत सारखी आणि उत्तम. कार्यालयाला प्रशस्तिपत्र मिळाले. बुवाच्या अहवालात मात्र लिहिले होते : दीर्घ मद्यपानाने यकृत निकामी होत आले आहे, तातडीने उपचार करावेत. बढती नियमानुसार रोखली गेली.

साहेबांनी आपला अहवाल काच लावून टेबलावर ठेवला. रोज वाचून त्यांचा त्यावर विश्वास बसला. डोळे पिवळे झाले, तो दिव्याचा दोष ठरला. पोट फुगले, ते खात्यापित्या घराचे लक्षण. संध्याकाळचा एक ग्लास त्यांनी वाढवला.

बुवाला राहवेना. "साहेब, माझ्या नावाचा रिपोर्ट तुमचा आहे. पाया पडतो, डॉक्टरकडे जा."

"आधी तुम्ही दारूतून सुटा," साहेब कळवळून म्हणाले.

तीन महिन्यांनी साहेबांना रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांपुढे घरच्यांनी तो काचेतला अहवाल धरला. यकृत उत्तम म्हटल्यावर डॉक्टर दोन दिवस पोटातला अल्सर शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी साहेब गेले.

शोकसभेत हेडक्लार्क गहिवरला, "निर्व्यसनी माणूस! कागदोपत्री थेंब नाही." सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या बुवाकडे वळली. यकृत संपलेले, तरी गडी ठणठणीत.

सभेनंतर तेविसांपैकी उरलेले बावीस जण दुःख हलके करायला बसले. पहिल्या घोटालाच शिपायाने निष्कर्ष काढला, "न पिणारा गेला, पिणारा टुणटुणीत! दारूबिरूनं काही होत नाही हो. नशिबाचा खेळ."

तेव्हापासून बुवाचा दाखला गावभर देतात. तुमच्याकडेही असा एखादा बुवा असेलच. रोज पिऊन नव्वदी गाठलेला, तुमच्या ओळखीच्या कोणीतरी पाहिलेला. ग्लास भरताना हमखास आठवतो तो.