शेळीवाल्याला कुणी ‘बसा’ म्हणत नाही

कानिफभाऊंनी रोज सकाळी चालायला जायचं ठरवलं. यात गावाचं काही बिघडावं असं काही नव्हतं. माणूस स्वतःच्या पायांनी चालणार, स्वतःचा घाम गाळणार. पण पाथर्डी तालुक्यात धडधाकट माणूस कामाशिवाय चालताना दिसला, तर लोक त्याला तसा सोडत नाहीत.

खरं म्हणजे भाऊ अंगमेहनतीला नवे नव्हते. वीस वर्षं त्यांनी ऊस तोडला होता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा गडी म्हणून तेव्हा त्यांचं नाव होतं. (त्या काळचा एक फोटो घरात लावलेला आहे. पाहुणे विचारतात, “हे कोन? धाकटे भाऊ का?”) मग कोयता ठेवला, जुनी जीप घेतली आणि पुढची बारा वर्षं ते स्टिअरिंगमागे बसले ते बसलेच. पोट इतकं पुढं आलं की वळणावर हॉर्न आपोआप वाजायचा. गाव म्हणायचं, भाऊंसारखा सावध ड्रायव्हर नाही.

हे असंच चाललं असतं, पण भाची सुकन्या हिची सुपारी फुटली. भाऊंची बहीण गावातच दिलेली, वरच्या आळीला. मेहुणे लवकर गेले, तेव्हा सुकन्या चार वर्षांची होती. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीनं उंबऱ्याला मिठी मारली होती, काही केल्या निघेना. भाऊंनी तिला उचललं, खांद्यावर बसवलं आणि शाळेच्या पटांगणापर्यंत नेलं. आता लग्नाचा मांडव त्याच पटांगणात पडणार होता.

नवरीला मांडवात मामानं आणायचं, ही रीतच. सुपारीच्या बैठकीत शेवगावच्या पाहुण्यांपैकी नवरदेवाचे चुलते भाऊंकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “नवरीला मामा आनतील, पन मामांना कोन आननार?”

मांडीवरचे पोहे सांडेपर्यंत लोक हसले. भाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले (उठायला जरा वेळ लागला, तेवढ्यात हसू ओसरलं) आणि म्हणाले, “पाव्हनं, ऐकून ठिवा. घराच्या उंबऱ्यापास्नं मांडवापतुर माझ्या भाचीचं पाऊल भुईला लागू देनार न्हाई. दोन्ही हातांवर उचलून आनीन!”

टाळ्या पडल्या. सुकन्यानं दाराआडून मामाकडे काळजीनं पाहिलं.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी रंगुबाई म्हणाल्या, “आवो, परवा गॅसची टाकी आनताना तुमी दोनदा टेकवली. पोरीला वाटंत कुठं टेकवनार?”

दुसऱ्या दिवशी भाऊ सहादेवच्या दुकानात धान्याच्या काट्यावर उभे राहिले. शहाण्णव किलो. पाथर्डीचे डॉक्टर म्हणाले, शुगर काठावर आहे, वजन उतरवा, रोज चाला. उंबऱ्यापासून पटांगणापर्यंतची वाट भाऊंनी मोजली. सव्वाशे पावलं भरली. पंचविसाव्या पावलाला त्यांना नुसत्या अंगानंच धाप लागली. लग्न वैशाखात होतं, हातात चार महिने होते.

सुरुवात घरातून झाली. मोबाईलमध्ये एक बाई उड्या मारत होती, तिच्यासमोर भाऊही उड्या मारू लागले. तिसऱ्या उडीला फडताळातली भांडी खाली आली. रंगुबाई धावत आल्या, नवऱ्याचे पिंजारलेले केस आणि वर गेलेले हात पाहून त्यांनी आधी अंगारा लावला आणि मग विचारलं, “कोन आलंय अंगात?” दुसऱ्या दिवशी भाऊंनी बाजेवर पडून पाय वर-खाली करायचा व्यायाम केला. बाजेचा सुंभ तुटला. त्या रात्री दोघं जमिनीवर झोपले आणि घरातला व्यायाम संपला.

मग चालणं. भाऊंच्या जीपची रोज सकाळी साडेसहाची फेरी असायची, गावातून फाट्यापर्यंत. ती त्यांनी बंद केली. (“आधी तब्येत,” ते म्हणाले. फेरीतली माणसं मग कशी जात असतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.) पांढरे बूट घालून ते फाट्याच्या रस्त्याला लागले आणि दोनशे पावलांवर पहिली मोटारसायकल थांबली.

“भाऊ! जीप बंद पडली का?”

“न्हाई रे, चालाया निघालोय.”

“कुठं?”

“कुठंच न्हाई. नुस्तं चालाया.”

त्यानं भाऊंकडे पाहिलं. घरात काहीतरी वाजलेलं दिसतंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. “बसा मागं,” तो हळू आवाजात म्हणाला. “मन मोकळं करा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. बारा वर्षांत भाऊंनी कुणाला जीपमध्ये घेतलं नव्हतं? कुणाची बायको बाळंतपणाला नेली होती, कुणाचा बाप दवाखान्यात पोचवला होता, आणि कुणाकडूनही अशा फेरीचं भाडं म्हणून काही घेतलं नव्हतं. आता ते सगळे उपकार दोन चाकांवर आणि चार चाकांवर बसून रोज सकाळी समोरून येऊ लागले. चालत निघालेले भाऊ दहा मिनिटांत फाट्यावरच्या हॉटेलात पोचायचे, तिथं बसवणारा माणूस चहा पाजायचा, भजी घ्यायला लावायचा आणि परतीच्या गाडीत हात धरून बसवायचा.

दूध गोळा करणारा सूर्यभान तर पिकअप आडवी लावायचा. “भाऊ, माझ्या पोराला साप चावला तवा तुमी जीप काढली. आन मी तुमाला पायी जाऊ द्यू? थू माझ्या जिंदगानीवर!” आता एवढं बोलल्यावर न बसून कसं चालेल?

तीन आठवड्यांनी भाऊ काट्यावर चढले. अठ्ठ्याण्णव.

“दुकानातला काटा बरुबर हाय ना?” त्यांनी विचारलं.

“काटा बरुबर हाय,” सहादेव म्हणाला. “पाहिजे तर गूळ ठिवून दाखवतो.”

त्या संध्याकाळी भाऊ ओट्यावर एकटेच बसले होते. शेवगावच्या चुलत्यांचं हसू कानात वाजत होतं. खोटं कशाला सांगा, त्यांना मनातून भीती वाटू लागली होती. हसण्याची नव्हे. बाप नसलेल्या पोरीला भर मांडवाच्या वाटेत खाली ठेवावं लागेल, याची.

तेवढ्यात शेजारची चांगुणाबाई काठी टेकत आली. “कानिफा, माजा गुडघा सुजलाय. उद्याच्याला माज्या चंद्रीला तळ्याकडं चारून आनशील का? दोनच दिवस.”

चंद्री म्हणजे तिची शेळी. काळी, कपाळावर पांढरा चांद, स्वभावानं तापट. भाऊंनी विचार केला, नाहीतरी चालणं जमतच नाही, म्हातारीचं काम तरी होईल.

सकाळी साडेपाचला ते चंद्रीचं दावं धरून तळ्याच्या रस्त्याला लागले. हा रस्ता फाट्याच्या उलट्या बाजूला. समोरून मोटारसायकल आली. भाऊंनी सवयीनं नकाराचं तोंड केलं. मोटारसायकलवाल्यानं भाऊंना पाहिलं, चंद्रीला पाहिलं, “राम राम” म्हणाला आणि गेला. दुसरी आली. राम राम. तिसरी जीप. राम राम. शेवटी सूर्यभानची पिकअप आली, थांबेल असं वाटलं, पण सूर्यभाननं चंद्रीकडे पाहून काच वर केली आणि हात हलवत निघून गेला.

भाऊ रस्त्यात थबकले. मग डोक्यात उजेड पडला. पाथर्डी तालुक्यात माणूस कितीही उपकाराखाली दबलेला असो, शेळीवाल्याला कुणी ‘बसा’ म्हणत नाही. गाडीच्या सीटवर लेंड्या कुणाला हव्या असतात?

त्या दिवशी ते तळ्यापर्यंत गेले आणि परत आले. पाच किलोमीटर, एकही चहा न पिता.

दोन दिवसांचे दोन महिने झाले, दोनाचे तीन. चांगुणाबाईचा गुडघा बरा झाला तरी भाऊंनी दावं सोडलं नाही. आणि सोडायचं म्हटलं तरी चंद्री सोडू देणार नव्हती. साडेपाचला भाऊ ओट्यावर दिसले नाहीत की ती दारात येऊन अशी ओरडायची की अख्खी आळी अंथरुणातून शिव्या द्यायची. थंडी, अंगदुखी, रात्रीचं जागरण, यातली कुठलीच सबब तिला कळत नव्हती. तिचा वेग झपाट्याचा, आणि मध्येच बाभळीची शेंग दिसली की पळायची. भाऊ मागून फरफटत. येताना चाऱ्याचा भारा ते दोन्ही हातांवर आडवा घेऊन यायचे. आधी दहा किलोचा, मग वीस, मग चाळीस. (बघणाऱ्याला वाटायचं, भाऊंनी शेळी पाळली. भाऊंना मनातून ठाऊक होतं, कुणी कुणाला पाळलंय.)

वैशाख लागला तेव्हा काटा त्र्याऐंशीवर होता. सहादेवनं स्वतःहून गूळ ठेवून दाखवला. वळणावर हॉर्न वाजेनासा झाला. डॉक्टरांनी शुगरचा कागद पाहून भाऊंचा हात हातात घेतला आणि कुठली जिम लावली असं विचारलं. भाऊंनी छाती काढून सांगितलं, “चंद्री.” डॉक्टरांनी ते नाव कागदावर लिहून घेतलं.

बहीण मात्र कुरकुरायची. “दादा, पोरगी लई वाळली रं.”

“लगीन ठरलं की पोरी वाळत्यातच,” भाऊ म्हणायचे आणि चाऱ्याचा भारा उचलायचे.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त संध्याकाळचा होता. नव्या पांढऱ्या टोपीत भाऊ उंबऱ्याशी आले. सुकन्या हिरव्या शालूत उभी होती. भाऊंनी देवाचं नाव घेतलं आणि तिला दोन्ही हातांवर उचललं. पोरगी अलगद आली. भाऊंच्या डोळ्यांत क्षणभर पाणी आलं, कारण शाळेच्या दिवशी ती जेवढी जड लागली होती, तेवढीच त्यांना आज वाटली.

वाजंत्री सुरू झाली. वीस पावलं गेली. तीस. आणि मागून मोटारसायकल येऊन थांबली.

“भाऊ! नवरीला घेऊन पायी? बसा की मागं!”

“जा बाबा पुढं!”

चाळिसाव्या पावलाला शेवगावची मोटार थांबली. “मामा, एसी चालू हाय.” भाऊंना थांबून नको म्हणावं लागलं, आणि ओझं उचललेल्या माणसाला चालण्यापेक्षा थांबणं जड. साठाव्या पावलाला सूर्यभाननं पिकअप गल्लीत आडवीच लावली. वाजंत्री अडली. “भाऊ, माझ्या पोराला साप चावला तवा...”

“सूर्यभान, आज नको रं! बाजूला घे!”

“आज न्हाई तर कवा? भाचीला पुढं बसवू, तुमी मागं.”

भाऊंनी पोरीला पुन्हा वर सावरून धरलं. समोर मांडवाच्या तोंडाशी चुलते उभे होते, आणि त्यांच्या ओठांवर सुपारीतलं तेच हसू उमटत होतं. “मामा, खाली ठिवा मला,” सुकन्या कुजबुजली. भाऊंनी दात आवळून मान हलवली.

तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चांगुणाबाईच्या दारातून दावं तुटल्याचा आवाज आला. ही काही तिची वेळ नव्हती, पण भाऊ हातावर भारा घेऊन आपल्याशिवाय निघालेत हे चंद्रीला सहन झालं नसावं. लोकांच्या पायांतून वाट काढत ती आली आणि भाऊंच्या पुढं जाऊन उभी राहिली. सूर्यभाननं भाऊंकडे पाहिलं, चंद्रीकडे पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप वर गेला. “राम राम,” म्हणत त्यानं गाडी मागं घेतली. मागची मोटारही सरकली.

पुढं चंद्री, तिच्या वेगानं भाऊ, हातांवर सुकन्या आणि मागं वाजंत्री. उरलेली पासष्ट पावलं कधी संपली ते कळलं नाही. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. चुलत्यांनी स्वतः पुढं होऊन भाऊंना मिठी मारली. “मामा, मानलं!”

भाऊंची छाती मांडवाएवढी झाली. “पाव्हनं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पिसावानी हलकी लागली पोरगी! ही सगळी चार महिन्यांची मेहनत!”

पाटावर उभ्या सुकन्यानं त्यांची बाही ओढली. “मामा, हळू बोला. मी हलकी लागनारच.”

“का गं?”

“तुमी साडेसहाची जीप बंद केली. तवापास्नं कामाला जाताना आमी सात-आठ पोरी रोज फाट्यापतुर चालत जातो, येताना बी चालतच. पोरी काय कुनाच्या बी मोटारसायकलवर बसत्यात व्हय? माजं नऊ किलो उतरलं. तुमाला सांगितलं न्हाई, म्हटलं मामाचा नेम मोडंल.”

“निम्म्या गावाचं उतरलंय,” मागून सहादेव म्हणाला. “काटा माझ्याकडंच हाय.”

“फकस्त माज्या चंद्रीचंच वाढलंय,” चांगुणाबाई म्हणाली.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, पोरगी डोळे पुसत शेवगावला गेली. तिची मोटार वळणाआड जाईपर्यंत भाऊ रस्त्यात उभे होते. उद्यापासून साडेसहाची फेरी पुन्हा सुरू, असं त्यांनी पोरींना तिथंच सांगून टाकलं. मग अंगातलं सगळं बळ एकदम गेलं आणि पाय ओढत ते घराकडे निघाले, तेव्हा शेजारी सूर्यभानची पिकअप थांबली.

“बसा भाऊ.”

आज भाऊंनी नाही म्हटलं नाही. ते पुढच्या दाराकडे गेले.

“पुढं न्हाई, मागं हौद्यात बसा,” सूर्यभान म्हणाला. “पुढं चांगुणाबाई बसलीय, आन खिडकीशी चंद्री. आज तिचा मान हाय.”