उलट टाक्यांना सक्त मनाई

मनुष्यप्राण्याला हिवाळ्यात थंडी वाजते, ही बाब आता सर्व स्तरांवर मान्य झाली आहे. थंडी वाजली की माणूस लोकर विणतो, विणता विणता त्याला बरे वाटते, आणि कर्मचाऱ्यांना परवानगीवाचून बरे वाटू लागले तर शिस्त कशी राहणार? सबब, दाखले देणाऱ्या एका कार्यालयाने हिवाळ्याच्या तोंडावर परिपत्रक काढले की, दररोज दुपारी तीन ते चार सर्वांनी विणकामाचा अथवा क्रोशाचा आनंद घ्यावा. (न घेतल्यास कारण लेखी द्यावे.)

योजना दूरदृष्टीची होती. सुरुवातीला किंचित गडबड झाली, कारण मोठ्या साहेबांनी पहारेकऱ्याला फोनवर सांगितले, की एक्केचाळीस गुंडे येताहेत, आत सोड. त्याने फाटक लावून पोलिसांना बोलावले. पोलिसांनी गुंडे मोजले, लोकरीचे व मऊ असल्याचा पंचनामा केला आणि ते परत दिले.

मग प्रत्येकाला दोन सुया, एक गुंडा आणि आनंदाचा तक्ता मिळाला. तक्त्यात विणण्यापूर्वीचा आनंद, विणतानाचा आनंद, विणल्यानंतरचा आनंद आणि वरिष्ठांची सही असे रकाने होते. तो भरायला पंचावन्न मिनिटे लागत. उरलेली पाच मिनिटे विणायला पूर्ण मोकळी होती. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीसपैकी अडतीस कर्मचारी अत्यंत आनंदी, दोन आनंदी आणि एक रजेवर आढळला. (तो सर्वांत आनंदी असावा, असे गृहीत धरले आहे.)

पंचाईत झाली ती फक्त खिडकी क्रमांक चारच्या बाईंची. कार्यालयात खरोखर विणता येणाऱ्या त्या एकट्याच. गेली सव्वीस वर्षे त्या टेबलाखाली, मांडीवर, कोणाला कळू न देता विणत आल्या होत्या. त्यांच्या मुलीला नुकताच मुलगा झाला होता. दिवस भरायच्या आधीच आलेला, मुठीत मावेल एवढा. शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्याला इस्पितळातून घरी सोडणार होते आणि बाहेर दात वाजत होते. मोरपंखी स्वेटर तयार होता. डाव्या बाहीची मनगटाची पट्टी तेवढी राहिली होती.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, दुसरं काही आणू नकोस. त्याच्या अंगावर पहिला स्वेटर तुझ्या हातचा हवाय मला."

बाईंना भरून आले. (सकाळचे अकरा वाजले असल्याने या भावनेची तक्त्यात नोंद होऊ शकली नाही.)

पण आता विणकाम अधिकृत झाले होते. इमारतीतले सर्व अपुरे विणकाम कार्यालयाची मालमत्ता ठरले होते आणि चारच्या ठोक्याला ते लोखंडी कपाटात कुलूपबंद होई. पूर्ण झालेली वस्तूच काय ती घरी नेता येत असे. तेव्हा पट्टी पुरी करायची ती इथेच आणि रोजच्या पाच मिनिटांत. बाईंनी मनात हिशेब केला. पट्टी वीस ओळींची होती, आणि पाच मिनिटांत दोन ओळी होत. वार मंगळवार होता.

त्यात क्रोशाचे प्रकरण उपटले. बाई शेजारच्या टंकलेखिकेला शिकवत होत्या, "इथे एक मुका, मग खांब, मग पुन्हा दोन मुके." पहारेकऱ्याने हे कानांनी ऐकले आणि कळवले. मुका खांब हा क्रोशाचा साधा टाका आहे, हे बाईंनी परोपरीने सांगितले. तरी चौकशी समिती नेमली गेली. समितीने इमारतीच्या सहाही खांबांची पाहणी केली. सहाही मुकेच निघाले. अहवाल सादर होईपर्यंत मंगळवारची आणि बुधवारचीही पाच मिनिटे गेली होती.

गुरुवारी मोठे साहेब स्वतः विणकाम पाहायला आले. बाईंच्या तोंडून "दोन सुलट, दोन उलट" ऐकताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपल्या कार्यालयात उलट काहीही चालणार नाही, असे त्यांनी तिथल्या तिथे लेखी दिले. आता उलट टाक्यावाचून पट्टी होत नाही. नुसते सुलट विणले तर बाहीचे तोंड घंटेसारखे पसरते आणि वारा थेट बाळाच्या काखेत.

बाईंनी उलट टाक्यांसाठी तीन प्रतींत अर्ज केला. एकूण टाके तीनशे वीस, पैकी सुलट एकशे साठ, उलट एकशे साठ, लाभार्थी एक, वजन पावणेदोन किलो. संध्याकाळी उत्तर आले, की अर्ज पुढील हिवाळ्यात विचारात घेतला जाईल.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. सव्वीस वर्षांत त्या प्रथमच न विचारता खुर्चीत बसल्या.

"साहेब, तो बारा वाजता बाहेर येतोय," त्या म्हणाल्या. "त्याला परिपत्रक वाचता येत नाही."

साहेबांनी वर पंख्याकडे पाहिले. (पंखा हिवाळ्यानिमित्त बंद होता.) मग त्यांनी कपाटाची किल्ली पुढे सरकवली आणि हळूच म्हणाले, "उलट टाके तेवढे कुणाला दिसू देऊ नका."

बाई खिडकीपाशी येऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. सुया अशा चालल्या, की शेजारचा लेखनिक तक्ता न भरता आनंदी झाला. साडेअकराला शेवटचा टाका बंद झाला. बारा वाजता इस्पितळात मोरपंखी बाहीतून पाच इवलीशी बोटे बाहेर आली आणि पट्टी मनगटावर चपखल बसली. मुलगी हसत होती आणि रडतही होती.

आता राहता राहिली एक किरकोळ बाब. त्या दिवशी खिडकी क्रमांक चारसमोर सकाळपासून दाखल्यासाठी एक जण ताटकळत उभा होता. "सोमवारी या," असे बाईंनी मान वर न करता त्याला सांगितले. ते आपणच, वाचकहो. कृपया राग मानू नये. पट्टी वेळेत पुरी व्हावी म्हणून आत्ता एवढा वेळ आपणच जीव टाकत होतात. दाखला झालेला नाही. सोमवारी या.