राहुकाळाच्या सोबतीनं सॅन फ्रान्सिस्को

लिंगराजअप्पांची लेक सुधारानी नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाली आणि अप्पांची झोप उडाली. अप्पा भालकीतल्या बसव समितीचे अध्यक्ष. "भक्ताला सगळ्या वेळा शुभ, पंचांग चुलीत घाला," हे भाषण त्यांनी गावोगाव ठोकलेलं. आणि लेकीचं विमान हैदराबादहून सुटणार होतं शुक्रवारी, ऐन राहुकाळात!

"तिकीट बदल की," ते लेकीला म्हणाले.

"कामून? सोमवारी हजर न्हाई झाले तर नोकरी दुसऱ्याला जाती, अप्पा."

कामून, ते सांगायची सोय नव्हती. अध्यक्षांनी तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि जीपनं कमलनगर गाठलं. तिथं मल्लप्पा पंचांग बघत, आणि तिथं अप्पांना ओळखणारं कुणी नव्हतं.

"किती लांब हाय गाव?" मल्लप्पांनी विचारलं.

"तेरा हजार किलोमीटरच्या वर. थांबत थांबत अख्खा दिवस लागतंय."

"कुण्या दिशेनं?"

"पश्चिमेनं."

मल्लप्पांनी कपाळाला हात लावला. "सूर्य बी तिकडंच जायलाय. हितं दीड तासात सुटणारा राहुकाळ इमानाच्या संगं पळंल. तीन तास तरी पाठ सोडत न्हाई बगा."

अप्पांनी घाईनं विचारलं, "मग पूर्वेनं, जपानवरून धाडू?"

"धाडा की. पर तिकडून तारीख माघारी येती. शुक्रवारी निघून पोरगी शुक्रवारीच उतरंल. म्हंजी शुक्रवारचा राहुकाळ दोन डाव!"

इकडे आड, तिकडे विहीर. मल्लप्पांनीच शेवटी धीर दिला, "उद्या या. काई उतारा निघतो का बगतो."

दुसऱ्या दिवशी अप्पा टॉवेल सोडत आत शिरले, तर मल्लप्पांपुढं हात पसरून समितीचा सेक्रेटरी गुरुबसव बसलेला!

"अप्पा, तुमी?" गुरुबसवनं हात मागं घेतला.

"मी... यांचं प्रबोधन करायला आलो. आन तू?"

"मी बी त्यालाच की!"

आता प्रबोधन करणं भाग होतं. सेक्रेटरीसमोर कच खाऊन कसं चालेल? "एकाच घटकेला हितं वाईट वेळ आन तिकडं चांगली, आसं आसतंय व्हय? कुणी ठरविलं हे?" अप्पा तापत गेले. गुरुबसव टाळ्या पिटत होता. मल्लप्पांनी आपल्याला हाकलून द्यावं, असं अप्पांना मनापासून वाटत होतं.

मल्लप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पंचांग मिटलं. "पटलं बगा मला. आजपासून हे बंद." अप्पांचं भाषण आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी पटलं होतं.

"आवो, पर आमचा उतारा?" अध्यक्ष आणि सेक्रेटरी एकदमच ओरडले.

सुधारानी ठरल्या विमानानं गेली आणि सोमवारी हजरही झाली. मुद्दाम राहुकाळात लेक धाडली म्हणून समितीनं अप्पांचा सत्कार केला. शाल घातली गुरुबसवनं. सत्काराची वेळ मात्र दोघांनी दार लावून, कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा राहुकाळ बघून ठरवली होती.