साडूचं यंत्र, आंदणाचं घंगाळ

साडूच्या घरी जेवायला जाताना माणसाने भूक बेताची न्यावी आणि बायको शक्यतो न्यावीच नाही. रिठदचे इंद्रभान केनवडला साडूकडे गेले ते दोन्ही घेऊन, आणि तिथेच सगळं बिघडलं.

साडू लखन, म्हणजे इंद्रभानची बायको प्रयागबाई हिच्या धाकट्या बहिणीचा, मंजुषाचा नवरा. केनवडला त्याचं बियाणं-खताचं दुकान. दुकानापेक्षा तो कंपन्यांच्या स्कीमवर जास्त जगायचा. अमुक पोती खपवली की बँकॉक, तमुक पोती खपवली की मिक्सर. (इंद्रभानना सरकारी कचेरीतल्या उभ्या जन्माच्या कारकुनीनंतर शाल आणि नारळ मिळाला होता. नारळ नासका निघाला.)

या खेपेला स्कीममध्ये लखनला एक हातभर लांबीचा काळा दांडा मिळाला होता. भांड्याच्या काठाला चिमट्याने अडकवायचा.

"सू वीड म्हन्तात याले," लखन म्हणाला. "फ्रान्सकडली पद्धत. मटन पिशवीत बंद कराचं, पिशवी पान्यात सोडाची. हे यंत्र पानी तापवते, फिरवते, अन् एकाच डिग्रीवर धरून ठेवते. साठ म्हनजे साठ. एकसठ नाई."

"उकळी येत नाई?"

"उकळी आली त मंग तुमच्या घरचं मटन झालं ना, भाऊ."

पानं वाढली. प्रयागबाईने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मंजे, लोन्यावानी झालं वं."

मंजुषा भाकरीच्या टोपल्याकडे बघून हसली. इंद्रभाननी मात्र उचललेला घास परत ताटात ठेवला. प्रयागबाईच्या तोंडून त्यांना आजवर मिळालेली सर्वात मोठी पावती म्हणजे 'चालते'. (हा शब्द तिने पहिल्यांदा वापरला तो स्थळ पसंत आहे का, असं विचारल्यावर.) आणि इथे लखनच्या दांड्याला एका घासात लोणी.

तसं हे जळणं जुनंच होतं. सासऱ्यांनी थोरल्या जावयाला आंदणात तांब्याचं घंगाळ दिलं आणि धाकट्याला फ्रीज. तो फ्रीज केव्हाच भंगारात गेला, पण इंद्रभानच्या मनात अजून चालू होता.

परतीच्या वाटेवर मोटारसायकलवरच त्यांनी ठरवलं. यंत्र घ्यायचं, आणि 'लोन्यावानी' हा शब्द स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोकडून, लखनच्या समोर वदवून घ्यायचा.

निवड त्यांनी कचेरीच्या शिस्तीने केली. मोबाईलवर तीन यंत्रं शोधली, कागदावर रकाने आखले आणि तुलनात्मक तक्ता केला. (तुलनात्मक तक्ता निर्णय झाल्यावर करायचा असतो, हे कुठलाही कारकून सांगेल.) निर्णय एकच होता: लखनच्यापेक्षा मोठं. पहिलं यंत्र लखनच्याएवढंच होतं, अपात्र. दुसरं त्याच्याहून स्वस्त आणि चांगलं, पण बुटकं, अपात्र. तिसऱ्याखाली लिहिलं होतं, 'फक्त हॉटेल व केटरिंगसाठी'.

"आपन दोघंच जन," प्रयागबाई म्हणाली. "हाटेल टाकून राह्यले का?"

"वस्तू घ्याची त दमदार घ्याव."

"मंजीचं तं लहानसं हाय."

"म्हनूनच," इंद्रभान म्हणाले.

यंत्र आलं. ते इतकं लांब होतं की घरातल्या कुठल्याही पातेल्यात उभं राहीना. कमीत कमी इतकं पाणी हवंच, अशी त्यावर रेघ होती, आणि त्या रेघेपर्यंत पोचणारं भांडं घरात एकच निघालं. सासऱ्यांचं घंगाळ. इंद्रभाननी ते माळ्यावरून काढलं, चिंचेने घासलं आणि ओसरीवर मांडलं. शेजारचे मोहनसिंग कुंपणावरून पाहत होते.

"आंघोळीची तयारी का, भाऊ?"

"मटन शिजवाचं हाय."

मोहनसिंगांनी घंगाळाकडे पाहिलं, मग इंद्रभानकडे. "किती बोकडं?"

"एक किलो."

मोहनसिंग घरात निघून गेले आणि थोड्या वेळाने सगळ्या कुटुंबाला घेऊन बाहेर आले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचं, करीच्या मटणाचं आमंत्रण केनवडला गेलं होतंच. करीच्या दिवशी सकाळीच इंद्रभाननी मटणाची पिशवी घंगाळात सोडली. ती तरंगायला लागली, म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवला. यंत्र गुरगुरलं. आकडा चढत चढत साठावर येऊन थांबला. साठ म्हणजे साठ. इंद्रभान त्या आकड्याकडे नातवाच्या बारशाला आल्यासारखे बघत बसले.

आणि लाईन गेली.

आधी त्यांनी वाट पाहिली. मग लाईनमनला फोन केला. त्याने उचलला नाही. पाणी कोमट व्हायला लागलं. तेवढ्यात दारात लखन-मंजुषाची जीप थांबली. इंद्रभाननी खांद्यावरचा टॉवेल काढून यंत्राच्या विझलेल्या तोंडावर टाकला.

"दाखवा ना, भाऊ," लखन आल्या आल्या म्हणाला.

"मधातच उघडाचं नसते. मोठ्या यंत्राचं निराळं राह्यते."

लखनने घंगाळाभोवती एक चक्कर मारली. टॉवेलमधूनही यंत्राची लांबी लपत नव्हती. "हे तं हाटेलचं दिसते."

"घरगुतीमंधी मजा नाई," इंद्रभान म्हणाले. पाठीवरून घामाचा ओघळ गेला, पण तो सुखाचाही असू शकत होता.

शेवटी प्रयागबाईच बाहेर आली. पदर खोचून तिने घंगाळात हात घातला, पिशवी वर काढली आणि म्हणाली, "फोडनी द्याव लागंन. तुमी दोघं बसा मोठ्या यंत्रापाशी." दोघी बहिणी आत गेल्या. इंद्रभान बोलत राहिले. मोटर, वॅट, पाण्याचं फिरणं. आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. वरण असेल.

पानं वाढली. वरण नव्हतं, पण इंद्रभानचं लक्ष लखनच्या तोंडाकडे होतं. लखनने घास घेतला. चावला. दुसरा घेतला.

"किती वॅट म्हनलं, भाऊ?" त्याने हळूच विचारलं.

लखनच्या तोंडून असा पडेल आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा लखन जळत होता, आणि तो वास फोडणीपेक्षा छान होता. पण 'लोन्यावानी' हा शब्द काही प्रयागबाईच्या तोंडून आला नाही.

जीप गेल्यावर इंद्रभान चुलीपाशी येऊन उभे राहिले. "कसं झालं होतं मटन?"

"झालं होतं."

"लोन्यावानी?"

"ते कुकरले विचारा," प्रयागबाई म्हणाली. "पिशवीतलं तं कच्चंच होतं. म्या अन् मंजीनं मिळून पाच शिट्ट्या देल्ल्या."

इंद्रभान पाटावर बसले. थोड्या वेळाने त्यांना सुचलं. "अन् त्या दिवशी केनवडले?"

"तिथं चार. त्याईचं बोकड कवळं होतं."

"लखनले मालूम हाय?"

"तुमाले होतं का?"

इंद्रभाननी विचार केला आणि त्यांना बरं वाटलं. लखनला माहीत नाही. लखन केनवडला बसून रिठदच्या यंत्रावर जळतो आहे. शब्द नाही मिळाला तरी एवढं पुष्कळ होतं. त्या बळावर त्यांनी तो आठवडा मजेत काढला.

रविवारी जीप पुन्हा दारात थांबली. लखन हसत उतरला, ओसरीवर आला आणि घंगाळाच्या कड्यांना हात घातला. "बरं केलं भाऊ, तुमी हो म्हनले ते. त्या दिवसापासून मले झोप नव्हती."

"कायले हो म्हनलो मी?"

"म्या म्हनलं," आतून प्रयागबाई म्हणाली. "मंजी फोनवर रडून राह्यली होती, हे जेवत नाई, बोलत नाई म्हने. आपल्या दोघाले कायले पायजे एवढं मोठं? मोठं यंत्र अन् घंगाळ त्याईले, त्याईचं लहान आपल्याले. आंदन बाबाचंच हाय, घरातल्या घरात राह्यलं."

लखनने मोठं यंत्र आणि घंगाळ जीपमध्ये चढवलं. मोहनसिंगांनी कुंपणावरून उतरून हात लावला. मागे राहिला तो हातभर लांबीचा काळा दांडा, स्कीममध्ये फुकट मिळालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी कडाक्याची होती. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला आणि मग प्रयागबाईचा.

"अवो, ऐकता का? दांडा बादलीत लावला होता. थंड नाई, चटका नाई, कसं लोन्यावानी पानी हाय."

इंद्रभान दाराबाहेर टॉवेल घेऊन उभे होते.

"कायी म्हना," ती आतून म्हणाली, "लखनभाऊची वस्तू ते लखनभाऊची."