मंत्र्याचं बाळंतपण

एकोणीसशे त्र्याण्णवच्या जूनमध्ये तंजावूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात पहिला कंप्यूटर आला, आणि त्याच्या महिनाभर आधी तिथे एक मांजर आलं. ते मांजर ऑफिस सुपरिंटेंडेंट सेतुमाधवरावांनी राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीतून पिशवीत घालून आणलं होतं. उंदराने एक वायर कुरतडली तरी यंत्र बंद पडेल, असं मद्रासच्या कंपनीच्या माणसाने त्यांना बजावलं होतं.

मांजर करड्या रंगाचं, रुंद डोक्याचं होतं. हा बोका आहे, असं सेतुमाधवरावांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. त्यांची एकतीस वर्षांची नोकरी झालेली असल्यामुळे कोणी खात्री करून घेतली नाही. बोका दिवसभर खुर्चीवर बसून असे आणि काम काय करतो ते कोणाला दिसत नसे, म्हणून त्याचं नाव मंत्री पडलं. पाहता पाहता मंत्र्याचं पोट सुटलं. "उंदीर कमी होतायत," सेतुमाधवराव समाधानाने म्हणत. तरी मनात शंका होती, म्हणून त्यांनी कोणाला न सांगता कपाटामागे उंदरांच्या औषधाच्या चार गोळ्याही ठेवल्या.

उद्घाटन शुक्रवारी होतं. साडेदहाला राहुकाळ लागायचा, म्हणून सव्वानऊ ते सव्वादहाचा मुहूर्त धरला होता. संस्थेचे सर्वेसर्वा सुब्रमण्यम स्वतः येऊन बटण दाबणार होते. त्यांना सगळे करस्पाँडंट म्हणत, आणि ते फाटकातून आत आले की शिपायांपासून प्रोफेसरांपर्यंत सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येत.

सकाळी साडेआठला मंगला धावत सेतुमाधवरावांच्या टेबलापाशी आली. ती ऑफिसातली टायपिस्ट. सहा महिने क्लासला जाऊन कंप्यूटर शिकलेली ती एकटीच होती. दोघं तंजावूरच्या जुन्या मराठी घरांतली, घरं एकाच गल्लीत, त्यामुळे आजूबाजूला कोणी नसलं की ती दोघं मराठीत बोलत.

"सार, मंत्री कालपासनं जेवला नाही. दह्यात कालवलेला तैरभात तसाच पडलाय."

"आज ज्याला त्याला गडबड आहे. त्यालाही असेल."

"जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओरबाडून अस्का, सगळाच्या सगळा फाडलाय. रात्रभर रडत होता म्हणून वॉचमन सांगत होता. आता कंप्यूटरच्या खोलीत शिरलाय आणि तोंड उघडं टाकून धापा टाकतोय."

सेतुमाधवरावांच्या डोळ्यांपुढे कपाटामागच्या चार गोळ्या आल्या. कधी नव्हे ते त्यांनी ऑफिसच्या फोनवरून खाजगी नंबर फिरवला. पलीकडे जनावरांचे डॉक्टर साईराम होते.

"डॉक्टर, माझ्या हातून पाप झालंय," सेतुमाधवराव तमिळमध्ये म्हणाले. "मांजराने विष खाल्लंय बहुतेक." आणि त्यांनी मंगलाने सांगितलेलं सगळं सांगितलं.

"उलटी? तोंडाला फेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"पोट कसं आहे?"

"मोठं आहे. उंदीर पुष्कळ खाल्लेत."

"मधूनमधून आवळतंय का?"

सेतुमाधवरावांनी रिसीव्हरवर हात ठेवून तोच प्रश्न कंप्यूटरच्या खोलीकडे ओरडून विचारला. "आवळतंय," आतून मंगलाचा आवाज आला. "पाण्यावर लाट उठावी तसं. आणि सारखं खाली चाटतंय."

ते फोनवर सांगितल्यावर डॉक्टर जरा हसल्यासारखे वाटले. "किती दिवस झालेत?"

"कशाला?"

"गाभण राहून."

"डॉक्टर, तो बोका आहे."

"मग मला नको, पेपरवाल्यांना फोन करा," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात मंगला दारात आली. ऑफिसात ती त्यांना कधी मामा म्हणत नसे, पण आज म्हणाली. "सेतुमामा, आचळं भरलीत. दूध आलंय. आमच्या घरी मांजर व्यायली तेव्हा असंच होतं अस्कं. मज कालच कळायला हवं होतं."

सेतुमाधवराव खुर्चीत बसले. आपण कोणाला मारलं नाही, एवढं त्यांना कळलं, आणि बाकीचं कळायला थोडा वेळ लागला. डॉक्टर फोनवर सांगत होते, "तिला हलवू नका. उजेड कमी ठेवा, गर्दी नको. अर्धा-पाऊण तास जोर लावूनही पिल्लू आलं नाही तरच मला बोलवा. नाळ तीच तोडेल. एखादं पिल्लू हललं नाही आणि तिचं लक्ष नसलं, तर सुक्या कापडाने चोळा."

हलवू नका हे ठीक होतं. पण ती बसली होती कुठे? कंप्यूटरच्या टेबलाखाली आदल्या दिवसापासून चार्ज होत असलेला यूपीएस होता. एसी लावलेल्या साऱ्या थंडगार खोलीत तेवढाच एक कोपरा ऊबदार. यंत्रावर घालायचं नवं मखमली कव्हर तिने ओढून खाली घेतलं होतं आणि यूपीएसला पाठ लावून ती त्यावर पसरली होती. कंप्यूटरचं मुख्य बटण तिच्या पाठीमागे होतं.

"डस्टरने हळूच सरकवून बघतो," असं म्हणून सेतुमाधवराव टेबलाखाली वाकले आणि लगेच बाहेर आले. त्यांच्या मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या होत्या.

नऊ वीसला फाटकातून गाडी आली. करस्पाँडंट पांढरी वेष्टी नेसलेले, गळ्यात हार, मागे नारळ-कापूर-चंदनाचं ताट आणि तीसेक प्राध्यापक. धूळ नको म्हणून सगळ्यांनी खोलीबाहेर चपला काढल्या. दारात सेतुमाधवराव आडवे उभे होते. एकतीस वर्षांत ते कोणाच्याही वाटेत उभे राहिले नव्हते.

"काय झालं?" करस्पाँडंटनी विचारलं.

"आत मंत्री आहेत, सार."

करस्पाँडंटनी अंगावरचं उपरणं सारखं केलं. "मला कोणी कळवलं नाही. कुठले मंत्री?"

"आपल्या ऑफिसातलेच, सार." सेतुमाधवरावांनी दार मागे ओढून घेतलं. "बाळंत होतायत."

पुढची दोन मिनिटं मंगलानेच सगळं समजावून सांगितलं. सगळे करस्पाँडंटच्या तोंडाकडे बघत राहिले. ते आत गेले, गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसले आणि टेबलाखाली डोकावले. मग त्यांनी वर न बघताच हात केला. "दिवा मालवा. तो एसी बंद करा. पिल्लांना गारठा सोसत नाही." त्यांच्या घरी चाळीस गुरं होती, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं.

खिडकीतून येईल तेवढाच उजेड राहिला. मांजर एकदा उठली, गोल फिरली, पुन्हा आडवी झाली. तिचं अंग ताणलं गेलं. तिने आवाज केला नाही. दारात दाटीवाटीने उभ्या असलेल्या तीस माणसांनीही केला नाही. आणि मग काचेसारख्या पिशवीत बांधल्यासारखं काहीतरी ओलं, चिमुकलं बाहेर आलं. तिने पिशवी दातांनी फाडली, नाळ तोडली, खरखरीत जिभेने त्या गोळ्याला उलटसुलट चाटून काढलं. गोळ्याला तोंड फुटलं. केसाएवढा बारीक आवाज आला. हे सगळं तिला कोणी शिकवलं असेल, या विचारात गणिताचे एक प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. करस्पाँडंटनी हात जोडले.

दुसरं वीस मिनिटांनी आलं. तिसरं त्याच्या पाठोपाठच आलं, इतकं लगेच की आई अजून दुसऱ्यातच गुंतली होती. तिने तिसऱ्याची पिशवी फाडली, नाळ तोडली आणि परत दुसऱ्याला चाटायला वळली. तिसरं जागेवरच पडून राहिलं. हललं नाही.

"मामा, कापड," मंगला म्हणाली.

जवळ कापड नव्हतं. समारंभासाठी घेतलेलं जरीकाठी उपरणं सेतुमाधवरावांच्या खांद्यावर होतं. ते काढून त्यांनी हात टेबलाखाली घातला. या वेळी मांजर गुरगुरली नाही, नुसती बघत राहिली. पिल्लू त्यांच्या तळहाताहून लहान होतं. जेवढा हळू हात चालवता येईल तेवढा हळू ते चोळायला लागले.

"जरा जोरात," करस्पाँडंट म्हणाले. "भिऊ नका."

ते चोळत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. मागे कोणीतरी कुजबुजलं की साडेदहा वाजले, राहुकाळ लागला. कोणी वळून पाहिलं नाही. मग उपरण्यात काहीतरी फडफडलं, अगदी नाडी उडावी तेवढं. पिल्लाने तोंड उघडलं, एक श्वास घेतला, मग दुसरा, आणि नखाएवढा पंजा सेतुमाधवरावांच्या अंगठ्यावर टेकवला. त्यांनी ते आईच्या पोटाशी ठेवलं. उपरणं तिथेच राहिलं.

उद्घाटन सोमवारी ठेवायचं ठरलं, आणि करस्पाँडंट जाताना ताटातला नारळ टेबलासमोर फोडून गेले.

सेतुमाधवराव एक वाजता घरी जेवायला आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. चंद्रमतीबाईंनी भात वाढला, आमटी वाढली. ते जेवेनात.

"काय झालं हो? ऑफिसात कोणी काय बोललं काय?"

"नाही." त्यांनी आमटीची वाटी बाजूला सरकवली. "चंद्रा, आपली तीन मुलं झाली, तेव्हा तुज फार त्रास झाला होता काय?"

चंद्रमतीबाईंनी पळी खाली ठेवली आणि पुढे येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पदर सावरून त्या समोर जमिनीवरच बसल्या.

"विनुताच्या वेळी चौदा तास लागले," त्या म्हणाल्या. "अकराव्या तासाला तुम्ही आस्पत्रीत आला होता. मज वाटलं, मज बघायला आला. तुम्ही दारातनंच विचारलं, ऑफिसच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस म्हणून."

सेतुमाधवरावांनी मान खाली घातली. आमटी निवत चालली होती.

"आणि मग?" त्यांनी विचारलं.